दुष्काळात तेरावा महिना

महिना किती दिवसांचा असतो, हा प्रश्न मी परवा चार माणसांना विचारला आणि मला चार उत्तरं मिळाली. आमची ही म्हणाली, "कोणाचा? पेपरवाल्याचा की दूधवाल्याचा?" चिरंजीव म्हणाले, "डिपेंड्स." (आमचे चिरंजीव कोणत्याही प्रश्नाला आधी एवढंच म्हणतात. "जेवायला बसतोस का?" या प्रश्नालाही.) कन्येने मूठ वळली आणि बोटांच्या उंचवट्यांवर जानेवारी, फेब्रुवारी, मार्च असं मोजायला घेतलं. चौथा प्रश्न मी डोंबिवली स्टेशनबाहेरच्या मोबाइलच्या दुकानातल्या मुलाला विचारला. त्याने मान वर न करता सांगितलं, "अठ्ठावीस."

चौघांत ठाम उत्तर एकच, आणि तेच चुकीचं!

माझी चौतीस वर्षं सरकारी कचेरीच्या लेखा विभागात गेली. लोकांची बिलं तपासणं आणि त्यात खोट काढणं यासाठी सरकार मला पगार देत असे, आणि आता ती सवय मोडू नये म्हणून पेन्शन देतं. माझ्या टेबलावर कोणी अठ्ठावीस दिवसांचा महिना धरून बिल ठेवलं असतं, तर मी लाल शाईने असा काही आक्षेप नोंदवला असता की त्या इसमाची बढती दोन वर्षं लांबली असती. आणि आज? आज मी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पेन्शनीतून, घरातल्या पाच फोनांसाठी हा अठ्ठावीस दिवसांचा महिना मुकाट्याने भरतो आहे.

बरं, हे अठ्ठावीस आले कुठून? इंग्रजी महिना तीस किंवा एकतीस दिवसांचा. एकटा फेब्रुवारी अठ्ठावीसचा, पण त्यालाही दर चार वर्षांनी लाज वाटते आणि तो एकोणतिसाचा होतो. पंचांगाचा महिना साडेएकोणतीस दिवसांचा. चंद्र सत्तावीस नक्षत्रं फिरून येतो त्याला सत्तावीस दिवस आणि काही तास लागतात. म्हणजे सूर्य म्हणतो ते नाही, चंद्र म्हणतो ते नाही, दाते पंचांग म्हणतं ते नाही आणि कालनिर्णय म्हणतं तेही नाही. चिरंजीवांनी यावर खुलासा केला, की अठ्ठावीस म्हणजे बरोबर चार आठवडे, त्यामुळे दर वेळी रिचार्ज त्याच वारी येतो. सोय आहे, बाबा! असेल. पण माझं पेन्शन तारखेला येतं, वारी येत नाही. वारी फक्त उपवास येतात.

आता तीनशे पासष्टाला अठ्ठावीसने भागा. मी भागलं. तेरा वेळा भाग जातो आणि बाकी एक उरतो. वर्षाचे महिने बारा आणि रिचार्ज तेरा! "दुष्काळात तेरावा महिना" ही म्हण आपण लहानपणी वाक्यात उपयोग करण्यापुरती शिकलो. ती पुढे आपल्यावर चालवली जाईल असं मास्तरांना तरी कुठे ठाऊक होतं?

पंचांगातही तेरावा महिना येतो, नाही असं नाही. अधिक मास. पण तो साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो, आणि त्याला कारण असतं: चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा अकरा दिवसांनी तोकडं पडतं, ती तूट भरून काढायची असते. शिवाय त्या महिन्यात जावयाला बोलावून, दिवा लावून, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं असतं, म्हणजे देण्यात काही गोडवा तरी असतो. आमचा हा टेलिफोनचा अधिक मास दरवर्षी येतो, त्याला ग्रहताऱ्यांचं काही कारण नाही, आणि वाण मात्र द्यावंच लागतं. कंपनी ही आमची कायमची जावई. तीही दशम ग्रहाची.

एक आकडा सांगतो. आमच्या चौघांचा पॅक २९९ रुपयांचा आहे. "महिन्याला तीनशे" असं आपण म्हणतो आणि मनातल्या मनात बाराने गुणून ३,५८८ धरतो. प्रत्यक्षात जातात तेरा वेळा २९९, म्हणजे ३,८८७. आणि एवढे देऊनही झाले किती दिवस? तीनशे चौसष्ट. उरलेला एक दिवस तुम्ही कुणाशीही बोलू नये, अशी योजना आहे.

मी काही जुनं ते सोनं म्हणणारा माणूस नाही. ट्रंक कॉल लावून दुपारभर फोनसमोर बसलेला मी आहे. रात्री अकरानंतर एस.टी.डी.चा दर पाव होतो म्हणून बूथबाहेरच्या रांगेत थंडीत मफलर गुंडाळून उभा राहिलेलाही मी आहे. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल फोन केला, तेव्हा मिनिटाला सोळा-सतरा रुपये पडत होते आणि ज्याला फोन येई त्याचेही पैसे कापले जात. ते थेट २००३ च्या मे महिन्यापर्यंत. त्या काळात फोन वाजला की लोक आधी नाव पाहत आणि मग माणुसकी ठरवत. त्यामुळे चिरंजीव जेव्हा म्हणतात, "बाबा, आपल्याकडे डेटा जगात सगळ्यात स्वस्त देशांपैकी एक आहे, तुम्ही उगाच कटकट करता", तेव्हा मी मान हलवतो. स्वस्त आहे. कबूल. पण भाजीवालीने स्वस्त वांगी दिली म्हणून तिने किलोला नऊशे तीस ग्रॅम तोलावेत काय? माझं भांडण भावाशी नाही, मापाशी आहे.

आणि भाव तरी कुठे जागेवर राहतो? २०२४ च्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिन्ही खासगी कंपन्यांनी एकापाठोपाठ एक दर वाढवले, कुठे दहा टक्के, कुठे वीस-पंचवीस. पण महिना? तो जागचा हलला नाही. भाव वाढवताना महिना मात्र अठ्ठावीसचाच ठेवावा, यात काही तत्त्वनिष्ठा असेलही. त्याच अठ्ठावीसचे पाढे पुढे छप्पन आणि चौऱ्याऐंशी असे जातात. चौऱ्याऐंशी दिवसांच्या पॅकला आमची ही "तीन महिन्यांचा" म्हणते. तीन महिन्यांचे एक्क्याण्णव-ब्याण्णव दिवस होतात हे मी तिला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "तुमचं लक्ष असल्या गोष्टींत बरं असतं! गॅस संपलाय, त्याचं काय?"

हे कोणाच्या लक्षात आलंच नव्हतं असंही नाही. आपलं दूरसंचार नियामक प्राधिकरण आहे ना, ट्राय, त्याने २०२२ च्या जानेवारीत फर्मान काढलं की प्रत्येक कंपनीने निदान एक तरी पॅक तीस दिवसांचा ठेवावा आणि निदान एक तरी असा ठेवावा, जो दर महिन्याला त्याच तारखेला भरता येईल. "निदान एक तरी!" हे वाचून मी टाळ्या वाजवल्या आणि दुकानातल्या मुलाकडे गेलो. त्याने यादी उघडली आणि अंगठ्याने वर ढकलत ढकलत नेली. यादी संपता संपेना. शेवटी तळाशी, लग्नाच्या पंगतीत उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा, तो एक पॅक बसलेला होता. "हा कोण घेत नाही काका," मुलगा म्हणाला. घेणार कसा? दाखवला तर घेणार! मी तो घेतला का? नाही. कारण हिशेब केला तर तो जवळपास त्याच भावात पडत होता आणि त्यात नेट कमी होतं. म्हणजे मापही खरं मिळेल, पण थोडं पाणी घालून.

आता नेटचं घ्या. आमच्या पॅकमध्ये रोज दीड जीबी मिळतो. रात्री बारा वाजले की त्यातला उरलेला गडप होतो आणि नवा दीड येतो. आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर आहे, त्यावर ज्या दिवशी दूध घेतलं नाही त्या दिवशी ही "खा" लिहिते. खा म्हणजे खाडा. महिनाअखेर खाडे वजा करून दूधवाल्याचं बिल होतं. त्याने याबद्दल आजवर कधी तोंड वाकडं केलं नाही. खाणावळीतसुद्धा आदल्या दिवशी सांगितलं तर खाडा मिळत असे, आणि खाणावळीच्या मालकांना कोणी कधी साधुसंत म्हटलेलं नाही. पण जीबीला खाडा नाही. उद्या दूधवाला दारात येऊन म्हणाला, "ताई, काल तुम्ही अर्धाच लिटर प्यायलात, राहिलेलं मी रात्री बारा वाजता मोरीत ओतलं, पैसे पुऱ्या लिटरचे द्या," तर आमची ही त्याचं काय करील हे मी इथे लिहू शकत नाही.

पण तीच ही रात्री साडेअकरा वाजता डोळे चोळत पलंगावर बसते आणि मोबाइलवर पुरणपोळ्या लाटणाऱ्या बायका बघते. का? "सव्वा जीबी उरलाय हो, वाया जाईल!" ज्या घरात रात्रीचा भात सकाळी फोडणीचा होतो, आणि सकाळच्या पोळ्यांचा रात्री कुस्करा होतो, त्या घरात उरलेल्या जीबीचं काय करायचं हा प्रश्न कुणालाच सुटलेला नाही. तिला पुरणपोळी उत्तम येते. पस्तीस वर्षं मी खातो आहे. तरीही ती रोज अर्धा तास दुसऱ्या बायकांना लाटताना बघते, आणि सकाळी तिचं डोकं दुखतं.

चिरंजीवांच्या मते २९९ रुपयांत बेचाळीस जीबी, म्हणजे जीबीला सात रुपये. "सात रुपयांत आज वडापावसुद्धा येत नाही, बाबा." पण बेचाळीस जीबी खातो कोण? मी माझा वापर पाहिला. अठ्ठावीस दिवसांत सहा. म्हणजे मला जीबी पडला पन्नास रुपयांना. हिला, पुरणपोळ्यांसकट, वीस. म्हणजे पंधरा रुपये. हाच खरा भाव, कारण ताटात वाढलेलं नव्हे तर पोटात गेलेलं मोजायचं असतं. आणि आमची आई?

आई चिपळूणजवळच्या आमच्या गावी राहते. वय चौऱ्याऐंशी. (तिचं वय आणि कंपनीचा पॅक यांचा आकडा यंदा जुळला आहे. पुढच्या वर्षी ती पुढे जाईल, पॅक तिथेच राहील.) तिच्याकडे बटणांचा साधा फोन आहे. त्यात नेट चालत नाही. तिचा पॅक होता १९९ रुपयांचा, आणि त्यात मिळत होतं दोन जीबी नेट. तिने वापरलेले जीबी शून्य. एकशे नव्याण्णवला शून्याने भागा. शून्याने भागता येत नाही असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. कंपनीने दर अठ्ठावीस दिवसांनी भागून दाखवलं!

या फोनाचाही एक इतिहास आहे. २००६ साली "आजीवन" नावाची टूम निघाली होती. एकदाच नऊशे नव्याण्णव भरा, जन्मभर इनकमिंग घ्या. मी मोठ्या हौसेने आईसाठी ते कार्ड घेऊन गावी गेलो होतो. आजीवन म्हणजे कुणाचं जीवन, हे मी तेव्हा विचारलं नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीतली माझी ही एकच तपासणी राहून गेली. पुढे कळलं की ते कंपनीच्या परवान्याचं जीवन. आणि २०१८ च्या अखेरीला तेही सरलं. दर अठ्ठावीस दिवसांना निदान ३५ रुपये भरा, नाहीतर आधी जाणारे आणि मग येणारेही फोन बंद, असा निरोप आला. त्या पस्तिसाचे वाढत वाढत एकशे नव्याण्णव झाले. आई अजून आहे. आजीवन गेलं.

तर अशा या परिस्थितीत, २०२५ च्या पावसाळ्यात एका रविवारी चिरंजीवांनी चहाच्या वेळी "फॅमिली प्लॅन" मांडला. एक मुख्य नंबर, त्याला जोडलेले तीन नंबर, मिळून ११९९ रुपये. महिन्याला एकच बिल. नेट सगळ्यांचं सामाईक. वर सिनेमे बघायचं ॲप फुकट. "आत्ता आपण चौघांचे ११९६ देतो. तीन रुपये जास्त, बस्स! आणि दर वेळी तारखा लक्षात ठेवायची कटकट नाही."

मुख्य नंबर माझा ठरला. मला मनातून बरं वाटलं. एकत्र कुटुंबाचा कर्ता असा शब्द मी कोर्टाच्या कागदांत वाचला होता, पण आमच्या घरात ते पद गेली पस्तीस वर्षं माझ्याकडे कधी आलंच नव्हतं. तेवढ्यात ही म्हणाली, "कर्ता म्हणजे बिल भरणारा हो!" आणि मी वही-पेन्सिल घेऊन बसलो.

पहिली गोष्ट, प्रीपेडच्या किमतीत कर धरलेला असतो. पोस्टपेडच्या जाहिरातीत तो नसतो, मागाहून येतो, अठरा टक्के. म्हणजे ११९९ चे झाले १,४१४ रुपये ८२ पैसे. बारा महिन्यांचे १६,९७८. आमचे चौघांचे आजचे, तो तेरावा महिना धरूनसुद्धा, १५,५४८. तीन रुपयांचा फरक वर्षाला चौदाशे तीस रुपयांवर गेला. "आणि ॲप फुकट आहे ना!" इति कन्या. चौदाशे तीस रुपयांत फुकट.

दुसरी गोष्ट मला आमच्या इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या हेडमास्तरांनी सांगितली. ते दोन वर्षं असल्या प्लॅनचे कर्ते आहेत. सामाईक नेट म्हणजे सामाईक विहीर, ते म्हणाले. कोण किती पोहरे काढतो याला धरबंद नाही. त्यांचा धाकटा वीस तारखेच्या आत विहीर कोरडी करतो आणि शेवटचे दहा दिवस हेडमास्तर व्हरांड्यात फोन उंच धरून शेजाऱ्याचं वायफाय पकडतात. वर आणखी गंमत, त्यांनी जावयालाही प्लॅनमध्ये घेतलं होतं. पुढे दिवाळसणावरून जावयाशी बिनसलं. येणंजाणं बंद, बोलणं बंद. पण प्लॅन एकच! जावई सासऱ्याच्या पैशांनी सगळ्या जगाशी बोलतो, फक्त सासऱ्याशी बोलत नाही. "मग काढून टाका ना त्याला," मी म्हटलं. "कोण सांगणार? मुलगी म्हणते, बाबा, तेवढा एकच धागा राहिलाय." मी काही बोललो नाही. त्या धाग्याची किंमत कोणत्या रकान्यात लिहायची ते मला आजही सुचलेलं नाही.

रविवार गेला, सोमवार गेला. माझ्या वहीत रकाने वाढत होते. दिवसाला किती, माणशी किती, करासह किती, खाडे धरून किती. पाचवा नंबर आईचा जोडला तर आणखी २९९ अधिक कर. पण तिला प्लॅनमध्ये घेतलं तर विहिरीतून एक थेंबही न काढता पाणीपट्टी भरणारी ती एकटीच. मी मोठा रंगात आलो होतो. बुधवारी रात्री वही पुरी झाली आणि माझ्या लक्षात आलं की आईचा मिस्ड कॉल आलेला नाही.

हे सांगायला हवं. आई रोज संध्याकाळी सातला मिस्ड कॉल देते. एकदा वाजवते आणि ठेवते. मग मी फोन करतो. मिनिटाला पैसे पडत त्या दिवसांतली ही पद्धत. आता बोलण्याला वेगळे पैसे पडत नाहीत हे मी तिला शंभरदा सांगितलं आहे. तिला ते पटत नाही. एकदा वाजलं की मला कळतं, आई ठीक आहे. तो मिस्ड कॉल रविवारी आला नव्हता. सोमवारी आला नव्हता, मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. प्रत्येक संध्याकाळी मी वहीतून डोकं वर काढून मनाशी म्हटलं असणार, पाऊस आहे, कोकणात रेंज जाते. आणि पुन्हा खाली घातलं.

मी तिथल्या तिथे फोन लावला. लागला. दोनदा वाजला आणि तिने उचलला.

"अगो, तू मिस्ड कॉल का दिला नाहीस?"

"दिला की. रोज देत्येय. पण एक बाई मध्येच बोलते. हिंदीत. मी तिला सांगितलं, बाई, मला मुलाशी बोलायचं नाहीये, नुसती घंटा वाजवायची आहे. ऐकतच नाही."

पॅक रविवारी संपला होता. अठ्ठावीस दिवसांचा हिशेब असल्यामुळे दर खेपेला तारीख दोन-तीन दिवसांनी मागे सरकते. गेल्या खेपेला वीस होती, म्हणून मी विसाची वाट बघत होतो. आली ती सतराला. संपत आल्याचे निरोप आले होते म्हणा, तिच्याच फोनवर, इंग्रजीत. ते तसेच न उघडलेले पडून होते. जाणारे फोन बंद झाले होते. येणारे अजून चालू होते, काही दिवसांची मुदत असते ती. म्हणजे त्या चार दिवसांत कोणत्याही क्षणी मी नुसतं बटण दाबलं असतं, तर फोन लागला असता.

"मग तू शेजारी जाऊन फोन का नाही केलास?"

"म्हटलं, तू कामात असशील."

मी कामात होतो. तिचा फोन स्वस्तात कसा पडेल याचा हिशेब करत होतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. उशाशी फोन होता, त्यात माझा एक जीबी उरला होता, पण मी तो बारा वाजता जाऊ दिला. माझ्यावरचा आक्षेप मी वहीत लिहून ठेवला आहे, लाल शाईने. पण म्हणून कंपनीवरचा खोडला नाही. कारण मी विसरलो हे खरं असलं, तरी दर महिन्याला जागा बदलणारी तारीख माणसाने विसरावी म्हणूनच ठेवल्यासारखी असते. माझं पेन्शन, विजेचं बिल, सोसायटीचं मेंटेनन्स, कोणीही दर खेपेला तीन दिवस मागे सरकत नाही. दूधवाला महिना एकतीसचा असला की एकतीस दिवसांचं दूध घालतो आणि एकतीस दिवसांचे पैसे घेतो. माझं मागणं एवढंच आहे, की जाहिरातीत दिवसाचा भाव आणि वर्षाचा भाव करासकट छापा. अंगठ्याएवढ्या अक्षरांत. महिन्याला महिना म्हणा आणि चार आठवड्यांना चार आठवडे म्हणा. आणि ज्या म्हाताऱ्या माणसाला नुसती घंटा वाजवायची आहे, त्याच्या गळ्यात दोन जीबी बांधू नका.

या शेवटच्या बाबतीत मी दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तेव्हा ज्ञानप्राप्ती झाली. ट्रायने २०२४ च्या डिसेंबरात आणखी एक फर्मान काढलं होतं, की नुसतं बोलणं आणि संदेश, नेट अजिबात नाही, असाही एक पॅक प्रत्येक कंपनीने ठेवायलाच हवा आणि त्याची मुदत वर्षापर्यंत असू शकते. २०२५ च्या जानेवारीपासून तसे पॅक आले होते. वर्षाला अठराशेच्या आसपास. आईचे जात होते तेरा वेळा १९९, म्हणजे २,५८७. सहा महिने हा पॅक होता आणि मला पत्ता नाही!

"अरे, मला सांगितलं का नाहीस?" मी त्या मुलाला म्हटलं.

"तुम्ही विचारलं कुठे, काका? तुम्ही येता आणि म्हणता, एकशे नव्याण्णव मार."

बरोबर होतं त्याचं. मी त्याला यादी पुन्हा तळापर्यंत ढकलायला लावली. त्यातही एक तीनशे छत्तीस दिवसांचा होता. बारा गुणिले अठ्ठावीस! वर्षातून एक महिना कापून घेतलेला. मी त्याच्यावर बोट ठेवून म्हटलं, "हा नको. तीनशे पासष्टवाला दे." मुलाने पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

फॅमिली प्लॅन बारगळला. चिरंजीव स्वतःचा पॅक स्वतःच्या पगारातून भरतात आणि कर्तेपण परत हिच्याकडे गेलं, जिथे ते पहिल्यापासून होतं. कन्या हेडमास्तरांच्या व्हरांड्यात जाऊन अधूनमधून सिनेमा बघते. आईच्या पॅकची तारीख मी कालनिर्णयवर लाल गोल करून ठेवली आहे, आणि पुढच्या वर्षीचं कालनिर्णय आलं की पहिलं काम ते.

आईला मी फोनवर सगळं नीट समजावून सांगितलं. वर्षाचे पैसे एकदम भरलेत. आता ती बाई मध्ये बोलणार नाही. मिस्ड कॉल द्यायची काही गरज नाही, खुशाल फोन कर आणि हवा तेवढा वेळ बोल, एक पैसासुद्धा जास्त पडणार नाही.

"बरं," आई म्हणाली. "पण पैसे भरलेत म्हणून काय उधळायचं का?"

काल संध्याकाळी सात वाजून दोन मिनिटांनी फोन एकदा वाजला आणि बंद झाला.